ज्याला शेल लिहिता येत नाही, त्याला पदवी कशाला?

परीक्षेच्या टेबलावर सर्वांत जास्त खपणारा खोटा शेल तीन ओळींचा असतो. प्रॉम्प्ट छापायचा, समोरच्याने टाइप केलेली ओळ वाचायची आणि ती जशीच्या तशी 'सिस्टिम' या फंक्शनच्या हवाली करायची. झालं. 'एलएस' टाइप केलं की फाइलींची यादी येते, 'डेट' टाइप केलं की तारीख येते, परीक्षक मान डोलावतात आणि जर्नलवर सही होते. त्या मुलाने शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवून देणारा प्रोग्रॅम, लिहिलेलाच नसतो. 'सिस्टिम' हे फंक्शन आतल्या आत लिनक्सचा तयार शेल उठवतं आणि ती ओळ त्याच्या हातात देतं. म्हणजे प्रश्न होता 'शेल लिहा', आणि मुलाने दुसऱ्याने लिहिलेला शेल चालवून दाखवला. ही नक्कल आहे, आणि तिच्यावर सही करणारा माणूस त्या नकलेत भागीदार आहे. मी हे सौम्य शब्दांत सांगणार नाही, कारण सौम्य शब्दांत सांगून झालेलं आहे.

मी धारवाडला सुभाष रोडवर संध्याकाळी मुलांना सी शिकवतो. हुबळी-धारवाडची मुलं येतात, बेळगाव-खानापूरकडून इथे शिकायला आलेली मराठी मुलं येतात, सुट्टीत गावी आलेली पुण्याच्या कॉलेजातली मुलंही डोकावतात. शेलचा विषय काढला की कन्नड मुलं विचारतात, "परीक्षेगे बर्तैतेन्री सर?" मराठी मुलं विचारतात, "परीक्षेला येतं का हो सर?" प्रश्न एकच, आणि माझं उत्तरही एकच. येतं. तुमच्याच परीक्षेला येतं. तुमच्या अभ्यासक्रमात छापलेलं आहे, तुमच्या जर्नलमध्ये लिहिलेलं आहे, त्याचे मार्कही तुम्ही घेता. फक्त ते करायचं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून आधी अभ्यासक्रमाची बाजू सांगतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना 'टॉय शेल' पाठ असतो. प्रॉम्प्ट 'मायशेल' आणि पुढे डॉलरचं चिन्ह. 'काउंट' कमांडने फाइलमधली अक्षरं, शब्द, ओळी मोजायच्या. 'टाइपलाइन' कमांडने पहिल्या किंवा शेवटच्या काही ओळी दाखवायच्या. 'लिस्ट'ने डिरेक्टरीतल्या फाइली आणि त्यांचे आयनोड नंबर, 'सर्च'ने फाइलमधली एखादी अक्षरमाळ शोधायची. यांपैकी काहीच नसेल तर नवीन प्रोसेस तयार करून तिच्यात ती कमांड चालवायची. प्रश्न अतिशय चांगला आहे. ज्याने तो रचला त्याला विषय कळत होता. इकडे आमच्या बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या २०२२ च्या स्कीममध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलचा पहिलाच प्रयोग फोर्क, एक्झेक आणि वेट या सिस्टिम कॉलचा आहे. तेव्हा विद्यापीठाने शिकवू दिलं नाही ही सबब कुणी सांगू नये. कागदावर सगळं आहे. जे नाही ते प्रयोगशाळेत नाही.

आता काम नेमकं केवढं आहे ते बघा. ओळ वाचा. तिचे तुकडे करा. फोर्क करा, म्हणजे चालू प्रोसेसची एक प्रत तयार होते. प्रतीमध्ये, म्हणजे चाइल्डमध्ये, एक्झेक करा, म्हणजे तिच्या जागी हवा तो प्रोग्रॅम येऊन बसतो. मूळ शेलने, म्हणजे पेरेंटने, वेट करत थांबायचं. चाइल्ड संपली की पुन्हा प्रॉम्प्ट छापा. सी भाषेत हे सगळं दीडशे ओळींच्या आत बसतं. ही काही रॉकेट उडवण्याची विद्या नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला एका आठवड्यात जमावं असं हे काम आहे, आणि या एका आठवड्यात त्याला जे कळतं ते वर्षभर 'प्रोसेस इज अ प्रोग्रॅम इन एक्झिक्यूशन' घोकून कळत नाही.

कारण हा प्रोग्रॅम पहिल्या तासात चालत नाही. पहिल्यांदा 'एलएस' टाइप केलं की मुलाच्या शेलकडून उत्तर येतं, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. मुलगा चक्रावतो. 'एलएस' तर समोर आहे, बाजूच्या खिडकीत चालतंय. मग कधीतरी त्याच्या ध्यानात येतं की 'एफगेट्स'ने ओळ वाचताना शेवटचं न्यूलाइनचं अक्षरही आत घेतलं आहे, आणि आपण कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, 'एलएस' नावाचा नाही, तर 'एलएस आणि एंटर' अशा नावाचा प्रोग्रॅम मागतो आहोत. तो ते अक्षर कापतो. आता उत्तर येतं, 'बॅड अ‍ॅड्रेस'. कारण एक्झेकला दिलेल्या यादीच्या शेवटी नल ठेवायचा राहिला आहे, आणि यादी कुठे संपली हे कर्नलला कळायला दुसरा मार्ग नाही. हे दोन दगड पायाला लागले की सी भाषेत अक्षरमाळ म्हणजे काय आणि पॉइंटरची यादी म्हणजे काय, हे त्या मुलाला जन्मभर पुन्हा सांगावं लागत नाही.

मग येते 'सीडी'. मुलगा 'सीडी'साठीही फोर्क करून चाइल्डमध्येच डिरेक्टरी बदलतो, कुठलीही चूक दाखवली जात नाही, आणि तो होता तिथेच राहतो. डिरेक्टरी बदलतच नाही. इथे मी काही सांगत नाही. बसून विचार कर म्हणतो. फोर्कने तयार झालेल्या चाइल्डने आपली डिरेक्टरी बदलली, आणि ती संपली. पेरेंटला त्याचा गंधही नाही. म्हणून 'सीडी' वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालवता येत नाही, ती शेलने स्वतःच्याच पोटात पार पाडावी लागते. हे ज्याला स्वतः उमगलं त्याला दोन प्रोसेसांमधली भिंत दिसली. बाकीच्यांनी तिची व्याख्या पाठ केली.

आणि हा फक्त शिकाऊ मुलांचा गोंधळ आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांचा युनिक्सच्या घडणीवरचा १९७९ सालचा लेख काढून वाचावा. बेल लॅब्जमध्ये पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्समध्ये पहिल्यांदा फोर्क आला तेव्हा त्यासाठी असेंब्लीच्या नेमक्या २७ ओळी लागल्या. आणि त्यानंतर एकाएकी डिरेक्टरी बदलण्याची कमांड चालेनाशी झाली. युनिक्स लिहिणारी माणसं कोड वाचत बसली की फोर्कमुळे हे मोडलं कसं. कारण तेच होतं, जे सुभाष रोडवरच्या खोलीत बसलेल्या खानापूरच्या मुलाला सापडतं. त्या माणसांना अडलं ते आमच्या मुलांना अडू द्यायला आमचे प्राध्यापक तयार नाहीत. ते छापील उत्तर आधीच देऊन टाकतात आणि त्याला शिकवणं म्हणतात.

मला सर्वांत आवडणारी जागा त्यापुढची आहे. मुलाने आपल्या शेलमध्ये मुद्दाम चुकीची कमांड टाइप करावी, नसलेल्या प्रोग्रॅमचं नाव. 'कमांड सापडली नाही' असा संदेश येतो, पुन्हा प्रॉम्प्ट येतो, सगळं ठीक दिसतं. मग त्याने 'एक्झिट' टाइप करावं. शेल बंद होत नाही. पुन्हा प्रॉम्प्ट. पुन्हा 'एक्झिट', आता बंद होतो. चुकीची कमांड तीनदा टाइप केली असेल तर 'एक्झिट' चारदा लागतं. का? एक्झेक यशस्वी झालं तर ते परत येत नाही, पण फसलं तर येतं, आणि मुलाने तिथे चाइल्डला संपवलेलं नसतं. म्हणून ती चाइल्ड त्याच लूपमध्ये पुढे जाते आणि स्वतःच शेल होऊन बसते. मुलाला वाटतं आपण एका शेलशी बोलतो आहोत. प्रत्यक्षात तो शेलच्या पोटातल्या शेलच्या पोटात उतरलेला असतो. उतारा एका ओळीचा आहे. पण ही ओळ का हवी हे ज्याला सांगता येतं त्याने शेल लिहिला, आणि ज्याला येत नाही त्याने तो उतरवला. तोंडी परीक्षेत दुसरा प्रश्न विचारायची गरजसुद्धा नाही. पण हा एकही प्रश्न विचारला जात नाही. विचारतात काय, तर 'युनिक्सचे फायदे सांगा'.

पाइपचं सांगतो, कारण तिथे भलेभले अडकतात. 'एलएस'चं आउटपुट 'डब्ल्यूसी'ला जोडायचं, मध्ये ती उभी रेघ. प्रोग्रॅम असे एकमेकांना जोडता यायला हवेत असं बेल लॅब्जचेच डग मॅकिलरॉय १९६४ पासून म्हणत होते. १९७३ साली केन थॉम्पसन यांनी ते एका रात्रीत युनिक्समध्ये बसवलं, ही आठवण मॅकिलरॉय यांनीच नोंदवली आहे. आमचा मुलगा पाइप तयार करतो, दोन चाइल्ड तयार करतो, एकीचं एक नंबरचं म्हणजे आउटपुटचं टोक आणि दुसरीचं शून्य नंबरचं म्हणजे इनपुटचं टोक पाइपला जोडतो, आणि 'डब्ल्यूसी' अडकून बसतं. उत्तरच देत नाही. संपतही नाही. कारण पाइपचं लिहिण्याचं टोक पेरेंटनेही उघडं ठेवलं आहे, आणि ते कुणाच्याही हातात उघडं असेपर्यंत कर्नल 'संपलं' असं सांगत नाही. 'डब्ल्यूसी' मुकाट्याने वाट बघत राहतं. प्रत्येक प्रोसेसने आपल्याला नको असलेलं टोक बंद केलंच पाहिजे. एवढं एक समजलं की पुढे सर्व्हर का अडकला, कनेक्शन का सुटत नाही, फाइल हँडल का संपले, हे शोधताना हा मुलगा आंधळ्यासारखा चाचपडत नाही.

कंट्रोल-सी दाबल्यावर चालू कमांडबरोबर आपला शेलही का मरतो, संपलेली चाइल्ड वेट केल्याशिवाय झोंबी होऊन यादीत का राहते, हेही याच दीडशे ओळींत आहे. मी इथे थांबतो, कारण हा पाठ नाही.

आता ज्यांच्या हातात प्रयोगशाळा आहेत त्यांच्याकडे वळू. आजही कित्येक कॉलेजांत सी शिकवायला बोरलँडचा टर्बो सी वापरला जातो. त्याची पहिली आवृत्ती १९८७ ची. तो डॉससाठी बनवलेला. आजच्या मशिनवर तो थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये घालून चालवतात, निळ्या स्क्रीनवर, 'क्लिअरस्क्रीन' आणि 'गेटसीएच'सकट. डॉसमध्ये फोर्क नाही. एका वेळी दोन प्रोसेस ही गोष्टच नाही. त्या निळ्या स्क्रीनसमोर दोन सेमिस्टर घालवलेल्या मुलाला तिसऱ्यात फोर्क शिकवायचा, तोही फळ्यावर, म्हणजे विहिरीचं चित्र दाखवून पोहायला शिकवायचं. लिनक्स फुकट आहे. जीसीसी फुकट आहे. जुन्यात जुन्या मशिनवर चालतं. पैसे नाहीत ही सबब इथे चालतच नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी 'लेट अस सी' लिहून या देशातल्या लाखो मुलांची सी भाषेची भीती घालवली. त्या पुस्तकानेही काळाबरोबर टर्बो सी सोडून पुढची साधनं घेतली. कॉलेजं मात्र हलली नाहीत. शिकवणाऱ्याला नवं शिकायचा कंटाळा आहे आणि संस्थाचालकाला त्याच्याशी देणंघेणं नाही, याशिवाय मला दुसरं कारण दिसत नाही.

शिकवणाऱ्यांची बाजूही मला ठाऊक आहे. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर, कर्नाटकात अतिथी व्याख्याता म्हणून, तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं राबवलेली माणसं आहेत ती. एका बॅचला दोन तास आणि समोर बसलेली ढीगभर मुलं. त्यात प्रत्येकाचा कोड वाचणं कठीण आहे हे मान्य. हा राग मी संस्थाचालकांकडे वळवतो. इमारतीला काच लावायला पैसे असतात, प्रवेशद्वारावर पुतळ्याला पैसे असतात, प्रयोगशाळेत एका वाचणाऱ्या माणसाला पैसे नसतात. पण कायम नोकरीत बसून, पूर्ण पगार घेऊन, गेल्या वर्षीचीच जर्नलं चाळून सही ठोकणारेही याच व्यवस्थेत आहेत. त्यांना सहानुभूती मागण्याचा अधिकार नाही.

सुभाष रोडचं नाव निघालं म्हणून सांगतो. याच रस्त्यावर माळ्यावर मनोहर ग्रंथमाला ही कन्नड प्रकाशन संस्था आहे, १९३३ पासूनची. जी. बी. जोशींनी ती उभी केली, कीर्तिनाथ कुर्तकोटींसारखा समीक्षक तिथे सल्ला द्यायला होता, गिरीश कार्नाडांचं 'ययाति' हे नाटक १९६१ साली तिथूनच आलं. इथल्याच एका कॉलेजात आमचे कथाकार जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत. मुद्दा एवढाच की लिहिलेली ओळ वाचायची असते, तिच्यावर भांडायचं असतं, नाही जमली तर परत लिहायची असते, हे या गावाला वेगळं शिकवावं लागत नाही. आणि अशा गावात सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत ऑपरेटिंग सिस्टिमचं 'रेकॉर्ड' तयार मिळतं. प्रोग्रॅम, आउटपुट, निष्कर्ष, सगळं. फक्त नाव आणि रोल नंबर घालायचा. मी त्या झेरॉक्स हातात घेऊन पाहिल्या आहेत. त्यात फोर्कच्या पुढे ऋण एकची तपासणी नाही, चाइल्डला संपवणं नाही, एका ठिकाणी तर आउटपुटमध्ये छापलेला प्रोसेस नंबर आणि त्याच्या पेरेंटचा नंबर एकच आहे, जे होऊच शकत नाही. कुणीतरी कधीतरी हाताने खरडलेलं आउटपुट वर्षानुवर्षं छापलं जातंय आणि त्याच्यावर सह्या होताहेत. एकाही सही करणाऱ्याने ते दोन आकडे वाचले नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने आपला शेल स्वतः लिहिला. 'सीडी' पोटात, चुकीच्या कमांडनंतर चाइल्ड संपवलेली, पाइपची नको ती टोकं बंद, फोर्क फसलं तर काय करायचं तेही लिहिलेलं. तिचा कोड मी ओळ न् ओळ वाचला होता. परीक्षेत तिला मार्क कमी पडले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सांगितलं की जर्नलमध्ये आहे तसं का नाही लिहिलं, प्रॉम्प्ट वेगळा का दिसतो. तिच्या शेजारच्या मुलाने 'सिस्टिम'च्या तीन ओळी लिहिल्या होत्या. त्याला पैकीच्या पैकी. ती माझ्यासमोर रडली नाही. "सर, पुढच्या वेळी जर्नलमधलंच लिहीन," एवढंच म्हणाली. त्या परीक्षकांनी तिचे फक्त मार्क कापले असं मी म्हणत नाही. त्यांनी तिला सांगितलं की समजून केलेल्या कामाला या देशात किंमत नाही, आणि ते तिला पटलं. हा गुन्हा आहे. त्याला कलम नसेल, पण आहे.

पालक मला विचारतात, मुलं विचारतात, कॉलेजातले लोकही विचारतात: आज हे कोण करतं? प्लेसमेंटला पायथन विचारतात, वेब विचारतात, क्लाउड विचारतात. ठीक आहे, क्लाउडच घेऊ. डॉकरमधला कंटेनर बंद करायला सांगितलं की आतल्या पहिल्या प्रोसेसला थांबण्याचा सिग्नल जातो. ती थांबली नाही तर दहा सेकंदांनी तिला सरळ मारून टाकलं जातं. सुरुवातीची कमांड शेलमार्फत लिहिलेली असेल तर अनेकदा ती पहिली प्रोसेस म्हणजे शेलच असतो, आणि तो सिग्नल खालच्या खऱ्या प्रोग्रॅमपर्यंत पोचवत नाही. मग प्रत्येक वेळी दहा सेकंद वाया जातात, अर्धवट लिहिलेला डेटा तसाच राहतो, आणि आमचे पदवीधर मशिनला दोष देत बसतात. ज्याने फोर्क आणि एक्झेक हाताने लिहिले आहेत त्याला हे कोडं पाच मिनिटांत सुटतं, कारण कोण कुणाचा पेरेंट आणि सिग्नल कुणाला मिळतो हे त्याने पाहिलेलं असतं.

सुरक्षेचंही तेच. ज्या 'सिस्टिम' फंक्शनवर परीक्षेत मार्क मिळतात, तेच नोकरीत घरफोडीला दार उघडून देतं. वापरणाऱ्याने दिलेलं फाइलचं नाव तुम्ही कमांडमध्ये चिकटवून 'सिस्टिम'ला दिलंत, आणि त्याने नावात अर्धविराम घालून पुढे दुसरी कमांड लिहिली, तर तुमचा सर्व्हर ती इमानदारीने चालवतो. कारण अर्धविरामाचा अर्थ शेल लावतो. एक्झेकला तुकडे वेगळे करून दिले तर अर्धविराम हा नावातलं एक अक्षर राहतो, बाकी काही नाही. फरक एवढाच आहे आणि तो प्रचंड आहे. शेल हा काही निरुपद्रवी काळा पडदा नाही. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी जीएनयूसाठी बाहेर आणलेला बॅश जगभरच्या सर्व्हरवर चालतो. त्यातली एक चूक, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आलेला मजकूर कमांड म्हणून चालवण्याची, २०१४ च्या सप्टेंबरमध्ये 'शेलशॉक' नावाने उघडी पडली. ती पंचवीस वर्षं तिथे होती. जगातली अर्धी यंत्रणा तेव्हा रातोरात दुरुस्त करावी लागली. आणि आम्ही मुलांना सांगतो की शेल जुना झाला.

सर्वांत नवी सबब सर्वांत घातक आहे: "सर, आता एआयला सांगितलं की शेल लिहून देतो." देतो. चांगला लिहून देतो, झेरॉक्सपेक्षा बरा. म्हणूनच एक प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. लिहून दिलेला कोड बरोबर आहे की नाही हे कोण ठरवणार? 'डब्ल्यूसी' अडकून बसलं तेव्हा कुठलं टोक उघडं आहे हे कोण बघणार? ज्याने एकदा स्वतः अडकून सोडवलंय तोच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यंत्राने लिहिलेलं तपासायला माणूस हवा, आणि तपासणारा माणूस तयार करण्याचं काम कॉलेजने सोडून दिलं, तर पदवीचा कागद पुढच्या काही वर्षांत कुणी उलटूनही पाहणार नाही. मुलांनी एआय वापरू नये असं मी म्हणत नाही. शेल लिहून झाल्यावर वापरा. आधी वापरलात तर तुम्ही शिकायचा एक आठवडा विकून टाकलात, आणि तो परत मिळत नाही.

जिथे हे नीट चालतं तिथे कसं चालतं तेही दिसतंच आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात मुलांना 'टाइनी शेल' लिहायला देतात: सांगाडा हातात देतात, आणि कमांड चालवणं, पुढे-मागे नेणं, सिग्नल हाताळणं हा गाभा मुलांनी भरायचा असतो. एमआयटीच्या शिकवण्यासाठी बनवलेल्या एक्सव्ही६ या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शेलचा सगळा कोड काहीशे ओळींत वाचायला ठेवलेला आहे. आयआयटी मुंबईच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमातही स्वतःचा शेल लिहायचं काम आहे, आणि त्या अभ्यासक्रमाची व्याख्यानं व टिपणं कुणालाही फुकट बघता येतात. आमच्याच गावात २०१६ पासून आयआयटी आहे. तिच्या कंपाउंडच्या आतल्या मुलाला जे मिळायला हवं ते बाहेरच्या बी.एस्सी.च्या मुलाला द्यायला काय अडचण आहे? यंत्र तेच आहे, लिनक्स तेच आहे, फोर्क तोच आहे. बुद्धी कमी आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा माझ्या वर्गात येऊन बसावं. निपाणीच्या शेतकऱ्याचा मुलगा, हुबळीच्या रिक्षावाल्याची मुलगी, पाइपचं टोक कुणी बंद केलं नाही यावर तावातावाने भांडताना दिसतील.

प्राध्यापकांना माझं सांगणं थेट आहे. या सेमिस्टरपासून जर्नलमधला शेल स्वीकारू नका. कोडमध्ये 'सिस्टिम' दिसलं तर शून्य द्या आणि का ते समजावून सांगा. तोंडी परीक्षेत तीन गोष्टी करायला लावा: 'सीडी' चालवून दाखव, चुकीची कमांड देऊन एकाच 'एक्झिट'ने बाहेर ये, आणि दोन कमांड पाइपने जोडून दाखव. दहा मिनिटं लागतात. प्रॉम्प्ट कसा दिसतो हे बघू नका. मोडलेला पण स्वतः लिहिलेला शेल, चाललेल्या पण उतरवलेल्या शेलपेक्षा जास्त मार्कांचा आहे.

आणि मुलांनो, कॉलेजची वाट बघू नका. लिनक्स टाका, रिकामी फाइल उघडा, पहिली ओळ तुमची तुम्ही लिहा. अडलात तर कोड घेऊन संध्याकाळी सुभाष रोडला या. फी नको, जर्नलही नको. फक्त तुम्ही स्वतः लिहिलेला, न चालणारा प्रोग्रॅम आणा.